ह्यात घर नाय

काका हेडफोन घालायच्या आधी चपला काढायचे. नुसत्या टेबलाखाली सरकवायचे असं नाही. उठून जिन्याच्या वरच्या पायरीवर जायचे, तिथे काढायचे, वाकून जोडी सरळ करायचे, मग आत येऊन खुर्चीत बसायचे आणि मग कान झाकायचे. चहाला उठले, लघवीला उठले की परत आल्यावर पुन्हा हा सगळा सोहळा. पहिल्या दिवशी मी विचारलं, "काका, आत देवघर आहे काय?"

ते म्हणाले, "दुसऱ्याच्या घरात शिरतोस ना? मंग."

मंग एवढंच. पुढे काही नाही. मला वाटलं, म्हातारा गेलाय कामातून. महिन्याभरात मीपण पायरीवर चपला काढायला लागलो, का ते विचारू नका. सातारच्या वहिनी होत्या आमच्यात, त्यांचा नवरा इकडे कंपनीत कामाला म्हणून त्या बोईसरला आलेल्या. त्या तर हळदीकुंकवाला आल्यासारख्या पदर सावरून आत यायच्या. खालच्या गादीवाल्याला वाटायचं, वर कसलं तरी सत्संग मंडळ आहे.

आमचं ऑफिस बोईसरला, फोमच्या गाद्यांच्या दुकानावर. जिन्यात पाटी होती, "टायपिंग व डेटा एंट्री". आई सफाळ्यात सगळ्यांना सांगायची, पोरगा सरकारी कामाला लागला. अर्धं खरं होतं. काम सरकारी होतं, आम्ही नव्हतो. काही माणसांच्या फोनवर सरकारला लक्ष ठेवायचं होतं. ते काम सरकारने एका मोठ्या कंपनीला दिलं, तिने त्यातला तुकडा दुसरीला, दुसरीने ठाण्याच्या एकाला, आणि ठाणेवाल्याने आम्हाला. का, तर वरच्या मशीनला इंग्रजी कळायचं, हिंदी कळायची, पुण्याचं मराठी तर एवढं कळायचं की चुका काढेल. पण आमच्या किनाऱ्यावरची म्हातारी तोंडात तंबाखू धरून बोलायला लागली की मशीन हात टेकायचं. मग त्या फाइली आमच्याकडे. आम्ही ऐकायचं, साध्या मराठीत लिहायचं, आणि खाली तीन खण होते त्यातल्या एकावर टिक करायची. साधं. लक्ष ठेवा. वर पाठवा. झालं काम.

माणसांना नावं नव्हती, नंबर होते. लाइन नऊ, लाइन बावीस. ह्यांचंच का ऐकायचं, हे वरच्यांना माहीत आहे असं ठाण्याचे साहेब सांगायचे. वरचे काय सांगायचे ते आम्हाला कधी ऐकू आलं नाही. त्यांची लाइन आमच्याकडे नव्हती.

मला नोकरी कशी लागली तेही सांगतो. मी लहानपणापासून नकला करतो. शाळेत हेडमास्तरांचा आवाज काढून दोन तुकड्या घरी सोडल्या होत्या एकदा. मुलाखतीला ठाण्याच्या साहेबांनी एक फाइल ऐकवली आणि म्हणाले, लिही. मी लिहिलं, आणि वर त्याच माणसाच्या आवाजात आख्खं म्हणूनही दाखवलं, खोकल्यासकट. साहेब पोट धरून हसले. वहिनी हसल्या. कोपऱ्यात काका बसले होते. ते हसले नाहीत. एक कान उघडा करून माझ्याकडे बघितलं, "पोपट" म्हणाले आणि कान परत झाकला. त्या दिवसापासून मी पोपट.

काका मूळचे एडवणचे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते, ट्रंक कॉल जोडायचे. त्यांच्या सांगण्याप्रमाणे त्या काळी तारापूरपासून सफाळ्यापर्यंत कुणाच्या घरात जन्म, कुणाच्या घरात मरण, सगळं आधी त्यांना कळायचं आणि मग घरच्यांना. लग्न केलं नाही. मोबाइल होता, पण तो स्टीलच्या जेवणाच्या डब्यात झाकण लावून ठेवायचे. फोनवर ते कधीच बोलायचे नाहीत, कुणाशीच. मी विचारलं, डब्यात का? म्हणाले, "मी हाय ना ऐकणारा. मला म्हाइत हाय."

त्यांचे कान मात्र भयंकर. जिन्यावर पाय वाजला की हेडफोनमधूनसुद्धा सांगायचे कोण ते. वहिनी येऊन बसायच्या आधीच विचारायचे, डाव्या पायाला काय झालं? आणि खरंच काही तरी झालेलं असायचं. ऑफिसात पापड खायला बंदी होती. मी एकदा मुद्दाम केळ्याचे वेफर आणले तर पाकीट हातातून काढून घेतलं आणि खाली गादीवाल्याला देऊन आले. अनवाणी गेले, येताना पायरीवर पाय पुसून आले.

लिहायची पद्धतही त्यांचीच. आम्ही बोलणं लिहायचो. काका घर लिहायचे. म्हणजे असं: "माणूस गप्प. मागे पंखा, दर फेरीला टक. बाई भांडं खाली ठेवते, पितळेचं. नळ नीट बंद नाय." अशी अर्धी पानं. साहेब आठवड्यातून एकदा यायचे आणि वैतागायचे, काका, भांडी नकोत, मुद्द्याचं द्या. काका शांतपणे म्हणायचे, "घर नाय लिवलं तर बोलणं कुणाचं ते कसं कळणार?" साहेब माझ्याकडे बघून डोळा मारायचे. मी मारायचो परत.

पण खरी भीती वाटायला लागली ती त्यांची वही बघितल्यावर. चौकटींची वही, गणिताची असते तशी. एका एका पानावर एका एका घराचा नकाशा. इथे दार, इथे चूल, इथे झोपाळा, इथे म्हातारी झोपते, इथे कोंबड्या. वर नंबर. एकही घर त्यांनी पाहिलेलं नव्हतं. सगळं ऐकून काढलेलं. दार कुठल्या कानाला वाजतं, बाई स्वयंपाकघरात गेली की तिचा आवाज कसा लांब होतो, पाणी माठातून घेतलं की पिंपातून. खोडून खोडून कागद पातळ झालेले. मी म्हटलं, काका, पतंगासारखी घरं आहेत ही, वाऱ्यावरची. ते म्हणाले, बघू.

आणि बघितलंच मी.

शिरगावला मित्राच्या भावाची हळद होती. मला शेजारच्या घरातून मोठा टोप मागून आणायला पाठवलं. मी अंगणात शिरलो, तिथे होडीचं एक इंजिन उघडं पडलेलं, आणि दारात पाय ठेवला तेवढ्यात आतला पंखा वाजला. दर फेरीला टक. मग नळ. मग झोपाळ्याची कडी. माझ्या पाठीवरून कुणीतरी ओला हात फिरवल्यासारखं झालं. झोपाळ्यावर एक साठीचा माणूस बसला होता, बनियनवर ग्रीसचे डाग. त्याने विचारलं, काय पायजे, आणि मी ओळखलं. लाइन चौदा.

चौदाला आम्ही सगळेच ओळखायचो. होडीची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस. त्याची मुलगी सुरतेला दिलेली, पोटुशी होती. हा रोज सकाळी आठला तिला फोन लावायचा आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "उठलीस काय गो बाय?" ती उठून दोन तास झालेले असायचे. ती म्हणायची, नाय, झोपेत बोलतेय. मग दोघं हसायचे. एवढंच. आमच्याकडे असलेल्या सगळ्या लाइनींमध्ये सगळ्यात निरुपद्रवी लाइन. वहिनी तर सकाळचा चहा चौदाबरोबरच प्यायच्या.

तर मी टोप मागितला. तो आत बघून म्हणाला, बायको बाहेर गेली हाय, थांब. मला तहान लागली होती. मी म्हटलं पाणी घेतो, आणि घेतलं. आतल्या दाराच्या मागे माठ होता, उजवीकडे खिळ्याला पेला. सरळ गेलो, पेला काढला, प्यालो. वळलो तर तो माझ्याकडे बघत होता. झोपाळा थांबला होता.

"आदी आलावतास काय हितं?"

मी म्हटलं, नाय, अंदाजाने. तो हसला, पण डोळ्यांनी नाही.

सोमवारी मी काकांना सांगितलं. मला वाटलं खूश होतील. त्यांनी वही काढली, चौदाचं पान उघडलं, एकच विचारलं, झोपाळ्याला कड्या चार की दोन? मी म्हटलं, दोन, वर दोर आहे. त्यांनी खोडरबराने दोन कड्या पुसल्या. फुंकर मारली. मग म्हणाले, "परत जाऊ नको. ज्याचं ऐकायचं त्याला बघायचं नाय. बघितलंस की त्याच्यात तुझं मिसळतं."

मी मान डोलावली. पण मिसळायला सुरुवात झाली होती. माझा चौदा आता नुसता आवाज राहिला नव्हता. मला त्याची बसायची तऱ्हा माहीत होती, मान तिरकी करतो ते माहीत होतं. मी "उठलीस काय गो बाय" म्हटलं की वहिनींच्या हातातला कप थांबायचा. म्हणायच्या, भावजी, नका हो, अंगावर काटा येतो. कलाकाराला अजून काय पाहिजे?

त्याच सुमारास वरून नवीन काम आलं. मशीनला आमची बोली शिकवायची होती. त्यासाठी रोज वीस वाक्यं माइकवर बोलून पाठवायची. वाक्यांची यादी वरूनच यायची. आता मशीनला साधी वाक्यं शिकून काय करायचंय, त्याला शिकायची होती धोक्याची वाक्यं. आणि आमच्या लाइनींवर धोक्याचं कुणीच काही बोलत नव्हतं, हीच तर अडचण होती. म्हणून ती आम्ही बोलायची. "साहेबाची गाडी जाळून टाकू." "माल होडीतून उतरवला, कुणाला कळू देऊ नको." "तारीख ठरली, माणसं तयार ठेव." अशी. आमच्या बोलीत, आमच्या हेलात.

वहिनींना तो हेल जमायचा नाही. काकांनी वाक्यं वाचली आणि कागद उलटा करून ठेवला. म्हणाले, मी ऐकायला हाय, बोलायला नाय. राहिलो मी. एकाच आवाजात वीस वाक्यं बोलायची म्हणजे शिक्षा. म्हणून मी रोज आवाज बदलायचो. सोमवारी सफाळ्याचा भाजीवाला, मंगळवारी माझा मामा. बुधवारी चौदा. बुधवारची मी वाट बघायचो. वीसच्या वीस वाक्यं मान तिरकी करून, इंजिनाकडे बघितल्यासारखं बघत. एकदा तर शेवटी माझ्या मनाने जोडलं, "जाळून टाकू. आणि मंग चाय पिऊ गो बाय." वहिनी हसता हसता टेबलावर डोकं ठेवून बसल्या.

काका आपल्या जागेवरून माझ्या पायांकडे बघत होते. मी चपला काढल्या नव्हत्या. ऐकायचं नव्हतं ना, बोलायचं होतं.

दोन आठवडे गेले. एका सकाळी चौदाची फाइल उघडली तर मुलीचा फोन नव्हता. एकच माणूस बोलत होता. "साहेबाची गाडी जाळून टाकू." मी ऐकलं, आणि सवयीने लिहायलाही लागलो. चौथ्या वाक्याला माझ्या बोटांना कळलं. ते मी होतो. माझा आवाज लाइन चौदाच्या फाइलीत, वर मशीनचा शिक्का, बोलणारा तोच. म्हणजे आम्ही पाठवलेले नमुने वर गेले, मशीनने आवाज ओळखून ज्याच्या त्याच्या खात्यात नीट लावून टाकले, आणि आता ते लिहायला परत आमच्याकडे आले होते. आणि ही काही पहिलीच फाइल नव्हती. यादीत बघितलं तर आधीच्या बुधवारची थेट वर गेली होती.

मी हेडफोन काढले. काका मागे उभे होते. माझ्या पाठीवरून कळलं असणार त्यांना. त्यांनी हेडफोन घेतले, पायरीवर जाऊन चपला काढून आले, बसले आणि डोळे मिटून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले,

"ह्यात घर नाय."

पंखा नव्हता, नळ नव्हता, कोंबडी नव्हती. त्या आवाजाच्या मागे काहीच नव्हतं. खाली गादीवाल्याने एकदा शटर ओढलं होतं, ते तेवढं होतं.

साहेबांना बोलावलं. मी सगळं कबूल केलं. साहेबांचा चेहरा पडला, मग सावरला. त्यांनी लॅपटॉप उघडला, म्हणाले, मशीनला विचारू. मी माझ्या आवाजात बोललो, मशीनने सांगितलं, अनोळखी. मग साहेब म्हणाले, अब वो वाला कर. मी साहेबांच्या नाकासमोर बसून चौदाच्या आवाजात बोललो. मशीनने सांगितलं, लाइन चौदा. मी बोईसरला खुर्चीत बसलो होतो आणि मशीनच्या मते मी त्या क्षणी शिरगावात होतो. मला हसायला आलं आणि ते अर्ध्यात थांबलं. कारण साहेब हसत नव्हते. ते मान हलवत होते, पटल्यासारखी.

"देख भाई," ते म्हणाले, "मशीन म्हणतंय तो आहे, तर तो आहे. फाइल वर जाते. खाली यायचा रस्ताच नाही सिस्टीममध्ये. तू बोललास असं मी लिहिलं तर पहिलं कंत्राट जाईल, मग तू जाशील."

कुठे जाशील ते त्यांनी सांगितलं नाही.

त्या आठवड्यात चौदाच्या घरी कुणीतरी येऊन गेलं. आम्हाला फाइलीतूनच कळलं. त्याने मुलीला सांगितलं, दोन माणसं आली, चाय प्याली, गाडी जाळायचं विचारलं. मग आणखी एकदा आली. पुढच्या सोमवारी पालघरला यायला सांगितलंय, कपडे घेऊन. मुलीने विचारलं, कपडे कशाला? तो म्हणाला, म्हाइत नाय. मग म्हणाला, तू आता फोन करू नको, मीपण नाय करणार. दुसऱ्या दिवशी आठ वाजता त्याने सवयीने फोन लावला आणि रिंग जायच्या आत ठेवला; फाइलीत नुसता पंखा होता. वहिनींनी चहा तसाच ठेवला.

शनिवारी काकांनी मला जिन्यात गाठलं. चौदाचं घर कुठं हाय म्हणाले. मी सांगितलं, शिरगावला किल्ल्याच्या मागे, अंगणात इंजिन. पण काका, तुम्हीच म्हणता बघायचं नाय. ते चपला घालत होते. मी येऊ का, असं मी विचारलं नाही. त्यांनीही ये म्हटलं नाही. मी त्या रविवारी दिवसभर घरात बसून होतो आणि आईला वाटलं मला ताप आहे.

सोमवारी सकाळी काका माझ्या आधी येऊन बसले होते, कान झाकून. माझ्या समोर चौदाची रविवारची फाइल होती.

पंखा, टक. नळ. मुलीचा आवाज, बाबा, फोन का केलात, नको म्हणालेलात ना. मग चौदा म्हणाला, "बाय, एक माणूस आलाय. कोन ते मला नाय ठाव. पन आपला माठ कुटं हाय ते त्याला म्हाइत हाय. ऐक तो काय म्हणतो."

आणि मग काका. मी त्यांना फोनवर बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्यांचा आवाज फोनमध्ये लहान वाटत होता.

"बाय, मी तुझ्याशी नाय बोलत. मधी जे ऐकतात त्यांच्याशी बोलतो. तू जरा गप ऱ्हा." मग म्हणाले, "लिव पोपटा. हे लाइन चौदाचं घर. आता सगळे गप बसतील. तू लिव."

आणि कुणी बोललं नाही. पंखा. टक. नळ. झोपाळ्याच्या दोन कड्या. कोंबडी. कुणीतरी पितळेचं भांडं ठेवलं, हळू, मुद्दाम. मी सगळं लिहिलं. मग काका म्हणाले, "गाडी जाळायची फाइल हाय त्यात हे काय नाय. ती हितं बोललेली नाय. ती आमच्या ऑफिसात बोलली. ती मी बोललो. आवाज माझा हाय. लिव."

मी थांबलो.

काकांना आयुष्यात कधी कुणाची नक्कल जमली नव्हती. मांजराचा आवाजसुद्धा काढता यायचा नाही. ज्याने कुणी त्या दोन्ही फाइली एकदा कानाने ऐकल्या असत्या त्याला लगेच कळलं असतं. पण वर कुणी ऐकतच नव्हतं. वर वाचायचे, आम्ही लिहिलेलं. मी "तो पोपट होता" असं लिहिलं असतं तर तो मी झालो असतो. आणि हे काहीच न लिहिता साध्यावर टिक केली असती तर ते आख्खं घर, पंख्यासकट, तिथेच संपलं असतं आणि चौदा कपड्यांची पिशवी घेऊन पालघरच्या गाडीत बसला असता.

मी वळून बघितलं. काकांची पाठ होती. हलली नाही. नुसता उजवा हात वर झाला, लिहितो तसा हवेत हलला आणि खाली गेला.

मी लिहिलं. "आवाज माझा आहे." टिक केली, वर पाठवा. जसं ऐकलं तसंच लिहिलं, कामच ते होतं. असं मी तेव्हा मनाशी म्हटलं आणि अजून म्हणतो.

तिसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी, काकांनी एक कान उघडा केला आणि जिन्याकडे न बघता म्हणाले, "दोघं हाईत. एकाच्या बुटाची टाच निघालेली हाय." मग पाय वाजले. दोन माणसं, इस्त्रीचे शर्ट, गळ्यात ओळखपत्राची पट्टी. मला वाटलं पोलीस. पट्टीवर तिसऱ्याच कुठल्यातरी कंपनीचं नाव होतं. चौकशीचं कामपण बाहेर दिलेलं. अतिशय सभ्य माणसं, वहिनींना नमस्कार केला, काकांना काका म्हणाले. एका कागदावर माझी सही घेतली, कुरिअरवाला घेतो तशी, एक इसम ताब्यात दिला म्हणून. काका उठले, वही माझ्या टेबलावर ठेवली, डबा उचलला आणि त्यांच्याबरोबर खाली गेले.

चपला पायरीवरच राहिल्या. वहिनी धावत खिडकीशी गेल्या, हाक मारली, काका, चपला. त्यांनी वर बघितलं नाही. रस्ता तापलेला होता. पाय न उचलता, सावकाश, कुणाच्या तरी घरातून चालल्यासारखे चालत गाडीत बसले.

चौदाला पालघरला जावं लागलं नाही. आठवडाभर तसाच लावून लगेच ठेवलेला फोन, फाइलीत नुसता पंखा, मग एका सकाळी, आठ वाजता, "उठलीस काय गो बाय". वहिनी रडल्या. त्यानंतर थोड्या दिवसांनी यादीत तेरा आणि त्यानंतर एकदम पंधरा आलं. सुटला की गेला, ते कळेना. म्हणून मी शिरगावला गेलो. अंगणात शिरलो नाही, कुंपणाबाहेरूनच ऐकलं. दोन कड्या वाजत होत्या आणि त्यावर तान्ह्या मुलाचं रडणं. मी तसाच मागे फिरलो.

मी नकला सोडल्या. हळदीला, गॅदरिंगला लोक मागे लागतात, मी घसा बसलाय म्हणतो. नोकरी सोडली नाही. सोडणार होतो. पण त्याच आठवड्यात नवीन लाइन आली. एकतीस.

एकतीसवर कुणी बोलतच नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं फाइल बिघडली आहे. मग ऐकू आलं. कप बशीत ठेवला. समुद्र, लांब, एडवणला ओहोटीला वाजतो तसा. खिडकीची एक झडप. आणि डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज, स्टीलचं. म्हणजे काकांना घरी सोडलं होतं, आणि आता त्यांचंच ऐकायचं होतं. आता त्यांचा फोन उघडा असतो, दिवसभर, कुठल्या तरी राँग नंबरला लावून नाहीतर फोन कंपनीच्या टेप केलेल्या बाईला, ती आपली बोलत राहते, आपण व्यस्त असलेल्या क्रमांकावर वगैरे. काका काही बोलत नाहीत. मी रोज त्यांचं घर लिहितो. त्यांच्या वहीत शेवटचं पान कोरं होतं, त्यावर आता भिंती आल्यात. चूल डावीकडे आहे. माठ अजून सापडला नाही.

परवा मला उशीर झाला होता. जिना धावत चढलो, घाम पुसत बसलो, हेडफोन घातले, एकतीस उघडली. कप. समुद्र. कंपनीची बाई बोलून थांबली. बराच वेळ काहीच नाही. आणि मग अगदी कानाजवळ, बाजूला बसून बोलावं तसं,

"पोपटा. चपला."

मी खाली बघितलं. पायांत होत्या.

ती फाइल आदल्या दिवशीची होती. आदल्या दिवशी मी काढल्या होत्या.

वहिनींनी विचारलं, भावजी, काय झालं? मी उठलो, पायरीवर गेलो, चपला काढल्या. तिथे काकांची जोडी तशीच आहे, कुणी हलवत नाही, झाडणारी बाईसुद्धा तिच्या भोवतीनेच झाडते. मी वाकून माझी जोडी तिच्या बाजूला सरळ लावली. आत येऊन बसलो. समुद्र लिहिला, कप लिहिला, झडप लिहिली. ते दोन शब्द लिहिले नाहीत. आणि साध्यावर टिक केली.